पाहिलेले आणि राहिलेले

जागतिक प्रदर्शन पाहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, 'काय काय पाहिलेत?' 'काय काय सोडलेत?' असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी लांबलचक असते, आणि माझ्या अल्प अनुभवाप्रमाणे ते अधिक बोधप्रदही असते.

थोडा हिशेब मांडून पाहू. २०२५ साली १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर या काळात जपानमधील ओसाका शहराच्या किनाऱ्यावरील युमेशिमा या मानवनिर्मित बेटावर जे प्रदर्शन भरले, त्यात दीडशेहून अधिक देश सहभागी झाले होते. एका देशाला फक्त १० मिनिटे द्यायची म्हटले तरी २५ तास लागतात. दिवस २४ तासांचा, आणि प्रदर्शनाची दारे सकाळी नऊला उघडून रात्री दहाला मिटत. या हिशेबात चालणे, रांगा, जेवण आणि आमच्या वयाच्या माणसांना लागणारा विसावा धरलेला नाही. शिवाय जपानी उद्योगसमूहांची दालने वेगळी, आणि आठ नामवंत जपानी निर्मात्यांनी उभारलेली खास दालने आणखी वेगळी. सारे पाहणे तेथे कोणालाच शक्य नव्हते. आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण काहीतरी सोडण्याची तयारी करूनच येत होता.

असा पेच पहिल्या प्रदर्शनात नव्हता. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेले प्रदर्शन एकाच छपराखाली, लोखंड आणि काच यांच्या भव्य महालात मांडलेले होते. आपल्याकडून गेलेला कोहिनूर हिराही तेथे ठेवला होता. सारे जग एका घरात असल्यामुळे कोणत्या दारात शिरावे हा प्रश्न उद्भवत नव्हता. पुढे १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मुख्य इमारतीभोवतीच्या उद्यानात निरनिराळ्या देशांनी आपापल्या धाटणीच्या स्वतंत्र वास्तू उभारल्या. एका घराची अनेक घरे झाली, दारे अनेक झाली आणि त्या दारांबरोबर निवडही आली.

कधी कधी प्रदर्शनकर्त्यांनीच पाहुण्यांच्या वतीने निवड करून टाकली आहे. १९६४-६५च्या न्यूयॉर्क येथील जागतिक मेळ्यात व्हॅटिकनच्या दालनात मायकेलअँजेलोचे 'पिएता' हे शिल्प रोमहून बोटीने आणून ठेवले होते. दर्शनासाठी लोटलेली गर्दी इतकी होती की शिल्पासमोर सरकते पट्टे बसवण्यात आले. माणसाने पट्ट्यावर उभे राहायचे आणि पट्ट्याने त्याला मातेसमोरून हलकेच पुढे न्यायचे. दोन कोटींहून अधिक लोकांनी त्या मेळ्यात 'पिएता' पाहिली. किती वेळ पाहायचे हे मात्र त्यांच्यापैकी पट्ट्यावरच्या कोणाच्याच हाती नव्हते. १९७०च्या ओसाका प्रदर्शनात ६ कोटी ४२ लाखांच्या घरात भेटी नोंदल्या गेल्या. तेथे अमेरिकेच्या दालनात 'अपोलो १२'ने आणलेला चंद्राचा दगड होता आणि त्यासाठी लोक कित्येक तास रांगेत उभे राहिले. एका दगडासाठी अख्खा दिवस वाहणाऱ्या त्या माणसांना कोणी वेडे म्हणेल. मला तसे म्हणवत नाही, कारण आमच्या घरातही असाच एक दिवस उगवला.

आमची मुलगी नोकरीनिमित्त ओसाकाला असते. २०२५च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. जपानला जायचे तर नागासाकीला जायचेच, हे घरातून निघतानाच ठरले होते. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी आपल्या २५ सोबत्यांसह तेथील निशिझाका टेकडीवर क्रुसावर प्राणार्पण केले. त्या टेकडीवर न जाता वसईला परतलो असतो तर धर्मग्रामात तोंड कसे दाखवले असते? तेव्हा सुट्टीतील दिवस नागासाकीसाठी राखून ठेवले, आणि प्रदर्शनाच्या वाट्याला एकच दिवस उरला. एका दिवसाचे प्रौढांचे तिकीट ७,५०० येनचे होते. आणखी एक दिवस घ्यावा असा विषय मुलीने काढला होता, पण खिशाने आणि गुडघ्यांनी मिळून तो नामंजूर केला.

दालनांत शिरण्यासाठी आगाऊ आरक्षणाची सोडत असे. आपल्या पसंतीची पाच दालने क्रमाने कळवायची आणि निकालाची वाट पाहायची. पाचही हुकण्याची शक्यता असे. ही पाच नावे ठरवण्यासाठी मुलीच्या छोट्या घरातील जेवणाच्या टेबलाशी आमची जी बैठक बसली, ती पालकमंडळाच्या सभेपेक्षा कमी रंगली नाही. त्यातच वसईहून आणि आखातातून नातेवाइकांचे निरोप येत होते: 'अमुक पाहिले नाही तर गेलात कशाला?' प्रत्येकाचे अमुक वेगळे होते. सर्वांचे ऐकायचे म्हटले असते तर आमचा दिवस आमच्याखेरीज सर्वांचा झाला असता.

मुलीला ओसाकाच्या आरोग्यविषयक दालनातील ते यंत्र पाहायचे होते, ज्यात माणूस बसला की यंत्र त्याला अंघोळ घालून कोरडे करते. १९७०च्या प्रदर्शनातही असे एक यंत्र गाजले होते, त्याची ही नवी आवृत्ती. माझी पत्नी मुंबईच्या एका सार्वजनिक इस्पितळात ३५ वर्षे परिचारिका होती. ती म्हणाली, "मी हेच काम जन्मभर हातांनी केले. यंत्र काय बघू?" यंत्राचे नाव यादीत खाली गेले.

माझी पहिली पसंती होती ती हृदयाला. पासोना या जपानी उद्योगसमूहाच्या दालनात 'आयपीएस' पेशींपासून तयार केलेले एक इवलेसे हृदय ठेवले होते, आणि ते धडधडत होते. क्योतो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या सर्वसाधारण पेशींना पुन्हा मूळ पेशींसारखे करून दाखवले. अशा पेशींपासून शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात. या कार्यासाठी यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासमवेत २०१२चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला यातील विज्ञान फारसे कळते असे नाही. परंतु २०२३ साली माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवले गेले. तेव्हापासून हृदय या शब्दाकडे मी पूर्वीसारखा केवळ मराठीचा शिक्षक म्हणून पाहू शकत नाही.

पत्नीची पसंती एकच होती, दुसरी तिने सांगितलीच नाही. या प्रदर्शनात व्हॅटिकनचे स्वतंत्र दालन नव्हते. इटलीच्या दालनातच त्याला एक विभाग दिलेला होता आणि तेथे काराव्हाज्योचे 'ख्रिस्ताचे दफन' हे मूळ चित्र आणलेले होते. 'सौंदर्य आशा घेऊन येते' हे त्या विभागाचे बोधवाक्य होते. १६०३च्या सुमारास रोममधील चिएझा नुओवा या चर्चसाठी रंगवलेले, नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी पॅरिसला नेलेले आणि परत आल्यावर व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात स्थिरावलेले हे चित्र. रोमला जाण्याचा योग आम्हाला या जन्मी येईल असे वाटत नाही. जे रोमला आहे ते ओसाकाला चालून आले आहे, एवढेच ती म्हणाली.

सोडतीत हृदय लागले, दुपारी दीड वाजताचे. इटलीसाठी मात्र नशिबाने साथ दिली नाही. रांगेत उभे राहणे हाच मार्ग उरला.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही आत शिरलो. प्रथम दिसते ते लाकडी रिंगण. वास्तुविशारद सोउ फुजिमोतो यांनी योजलेले हे वर्तुळ सुमारे दोन किलोमीटर परिघाचे, बाहेरच्या कडेला २० मीटर उंच. खांबांच्या खाचांतून तुळया ओवण्याची जपानी मंदिरांतील जुनी पद्धत आजच्या तंत्राशी जुळवून ते उभारले होते. खालून सावलीत चालावे, वरून समुद्र पाहावा. या रिंगणाची एक खुबी अशी की ते पाहण्यासाठी रांग नव्हती, सोडत नव्हती, निवडही नव्हती. श्रीमंत देशांची दालने आणि लहान देशांची दालने त्याने सारखीच कवेत घेतली होती.

उन्हे चढण्यापूर्वी एखादे दार आपण कोणाच्याही शिफारशीविना उघडावे, असे मुलीने सुचवले, आणि आम्ही 'कॉमन्स' नावाच्या सामाईक इमारतींकडे वळलो. स्वतःचे दालन बांधणे ज्यांना परवडत नाही असे कितीतरी देश तेथे शेजारी शेजारी, एकेका खोलीएवढ्या जागेत बसले होते. हिंदी महासागरातील एका छोट्या बेटदेशाच्या जागेत एक बाई उभी होती. तिने पत्नीच्या तळहातावर व्हॅनिलाची वाळलेली शेंग ठेवली आणि हुंगायला सांगितले. बरेच पाहुणे प्रदर्शनाच्या वहीत त्या देशाचा शिक्का उमटवून लगबगीने पुढच्या शिक्क्याकडे जात होते. मी त्यांना दोष देत नाही. वही भरण्यातही एक समाधान असते. पण त्या बाईला कोणीतरी थांबलेले हवे होते, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. आम्ही थांबलो. आमचे सारे संभाषण पंधरा-वीस शब्दांचे झाले असेल.

अशाच एका सामाईक इमारतीत युक्रेन होता. आपल्या जागेला त्यांनी दुकानाचे रूप दिले होते आणि नाव दिले होते, 'विक्रीसाठी नाही'. दुकानात किंमत वाचण्यासाठी जे यंत्र वापरतात तसेच एक यंत्र पाहुण्याच्या हाती दिले जाई. ते वस्तूवर धरले की किमतीऐवजी त्या वस्तूमागची माणसे, त्यांचे काम, त्यांचे धैर्य पडद्यावर दिसे. युद्धाचे चौथे वर्ष चालू असताना या देशाने जगाच्या बाजारात येऊन काय मांडायचे ते अशा रीतीने निवडले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रदर्शनात निवड केवळ पाहणाऱ्याला करावी लागत नाही. आपल्या घरातले काय जगापुढे ठेवायचे आणि काय झाकायचे, ही निवड दाखवणाऱ्यालाही करावी लागते.

इटलीच्या दालनापाशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सूचना सांगत होती की तेथून पुढे चार तास लागतील. दीड वाजता हृदय, साडेतीन वाजता चित्र. रांग सोडली की जागा गेली, तेथे कोणासाठी जागा धरून ठेवण्याची पद्धत नव्हती. आणि माझ्या डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी देताना घातलेली अट आम्हा तिघांनाही पाठ होती: उन्हात फार वेळ उभे राहायचे नाही.

काही क्षण कोणी बोलले नाही. ज्याला बाहेरून पाहणाऱ्याने क्षुल्लक म्हणावे असा तो प्रश्न होता. पण माझ्या आजारपणापासून आमच्या घरात हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत येत होता. वेलंकनीची यात्रा, भाचीचे लग्न, चर्चच्या गायकवृंदातील तिचे गाणे, किती गोष्टी तिने माझ्या हृदयापायी न बोलता बाजूला सारल्या होत्या! त्या दिवशीही ती तेच करील, अशी मला धास्ती होती. मी म्हणालो, "हृदयाचे राहू दे. मी सावलीत बसतो, तुम्ही दोघी चित्र पाहा."

ती म्हणाली, "अहो, तुमचे हृदय तुम्ही बघून या. मी ते दोन वर्षे रोज बघतेच आहे. पोरीला बरोबर न्या. मी इथे उभी राहते."

भाषा येत नाही, ओळखीचे कोणी नाही, वय ६६. मुलगी घुटमळली. पण तिची आई तोवर रांगेत शिरलीही होती. रात्रपाळीत एकटीने साठ खाटा सांभाळलेली बाई ती, तिला रांगेचे काय भय!

पासोनाचे दालन ॲमोनाइट या लुप्त झालेल्या सागरी जीवाच्या शंखासारखे वळणावळणाचे होते. आत एका पारदर्शक पात्रातील द्रवात ते हृदय होते, जेमतेम तीन सेंटिमीटरचे. ते आकसत होते, सैल पडत होते, पुन्हा आकसत होते. ते कोणाच्या शरीरात नव्हते, त्याने कधी कोणाचे रक्त फिरवलेले नव्हते. त्याला भय ठाऊक नव्हते, जिना चढणे ठाऊक नव्हते. तरीही ते हलत होते. माझा हात नकळत छातीवर गेला. शेजारच्या एका वृद्ध जपानी गृहस्थांचाही हात तेथेच होता. आम्ही दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. त्यांच्या छातीत काय आहे ते मी विचारले नाही, पण त्या दालनाची निवड त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून केली नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकतो.

चार वाजून गेल्यावर पत्नी इटलीच्या दालनातून बाहेर आली. रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या एका जपानी आजीबाईंनी आपले घडीचे छोटे स्टूल तिला आळीपाळीने बसायला दिले होते. तिने आपल्या डब्यातील चपातीची गुंडाळी त्यांना दिली होती. आम्ही रिंगणाच्या सावलीत बसलो आणि मी म्हणालो, "सांग."

ते चित्र मी छापील पुस्तकांत अनेकदा पाहिले आहे. योहान आणि निकदेम प्रभूचे शरीर उचलून धरताहेत, मागे पवित्र मरिया, मग्दालिया, आणि हात उंचावलेली आणखी एक मरिया. खाली दगडी शिळेचा कोपरा आपल्या अंगावर येतो. एवढे मला ठाऊक होते. तिने जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात मी वाचले नव्हते.

ती म्हणाली, "जिवंत माणसाला उचलताना तो कितीही आजारी असला तरी अंग थोडे सावरतो. मेलेला सावरत नाही. सगळा भार आपल्यावर येतो. निकदेमाने गुडघ्यांखालून दोन्ही हात घालून घट्ट मिठी मारली आहे, तशीच मारावी लागते. ज्याने हे काढले त्याने प्रेत उचलताना पाहिले आहे." मग थोडे थांबून म्हणाली, "बाकीचे कोणी आपल्याकडे बघत नाही. निकदेम आपल्याकडे बघतो. वॉर्डात आम्ही म्हणायचो ना, 'जरा हात द्या', तसा. मला वाटले, पुढे व्हावे."

मी पुष्कळ वेळ गप्प बसलो. तिने ३५ वर्षांत किती देह असे उचलले असतील, याविषयी आमच्या संसारात कधी बोलणे झाले नव्हते. रात्रपाळी करून ती सकाळी येई, अंघोळ करी आणि मुलीचा डबा भरी. मी विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते, त्या काळी घरोघरी अशीच रीत होती. चार शतकांपूर्वीच्या एका चित्राने त्या संध्याकाळी तिला बोलते केले. एका रुग्णाचे, ज्याला न्यायला कोणी आले नाही, त्याचे नावही तिला आठवत होते. ते मी येथे लिहीत नाही, ते तिचे आहे.

मग तिने मला विचारले, "हृदय कसे होते?" आणि मीही सांगितले.

त्या दिवशी आम्ही किती दालने पाहिली? मोजून सात. भारताच्या दालनावरून गेलो, त्यावरील कमळ बाहेरूनच पाहिले. जपानच्या दालनातील मंगळावरून आलेली उल्का राहिली. फ्रान्स राहिला, सौदी अरेबिया राहिला, अंघोळीचे यंत्र राहिले. १३ ऑक्टोबरला प्रदर्शन संपले, तेव्हा जे राहिले ते कायमचे राहिले. इटलीचे चित्र मी पाहिले नाही, आणि हृदय तिने पाहिले नाही. तरी आमच्या घरात ती दोन्ही आहेत. एकाने पाहून दुसऱ्याला दिलेली वस्तूही घरात येतेच. किंबहुना चार तास माझ्या शेजारी उभी राहून मीही ते चित्र पाहिले असते, तर तिने मला ते सांगितलेच नसते.

२०२७ साली बेलग्रेड येथे आणि २०३०च्या ऑक्टोबरपासून रियाध येथे पुढची प्रदर्शने भरणार आहेत. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची माणसे आखातात आहेत, तेव्हा रियाधला जाण्याचा योग अनेक वाचकांना येईल. कोणती दालने पाहावीत अशी यादी त्यांनी माझ्याकडे मागू नये. माझी यादी माझ्या हृदयाची होती आणि पत्नीची तिच्या हातांची. आपापली यादी ज्याने त्याने आपल्या आयुष्यातून काढावी. ज्या कामात आपले हात झिजले, जी गोष्ट आपल्या देहाला किंवा घराला लागून गेली, तिच्या दारी आधी जावे. त्यासाठी रांगेत उभे राहावे लागले तर राहावे. ज्या लहानशा देशाच्या दारी रांग नसते, तेथे शिक्का उमटवून झाल्यावरही दोन मिनिटे थांबावे. बरोबर कोणी असेल तर सर्वांनी सगळीकडे एकत्रच जाण्याचा आग्रह धरू नये. संध्याकाळी मात्र एकत्र बसावे, आणि जे आपले राहिले ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला पुरेसा वेळ राखून ठेवावा.